तळपायाची आग आणि कुस्त्यांचा स्पीकर

कुस्त्यांच्या मैदानात तानाजीचा स्पीकर दरवर्षी अर्ध्या तासात मुका व्हायचा. अँप्लिफायर त्याने उंब्रजच्या आपल्या दुकानात स्वतः जोडलेला. आवाज खणखणीत, पण आतली चिप तव्यासारखी तापायची आणि तापली की रुसायची. शहाण्णव साली यात्रा कमिटीच्या आप्पासोंनी स्पष्टच सांगितलं, "औंदा बंद पडला, तर फुडच्या साली मलकापूरचा स्पीकर आणणार."

तानाजी हाय खाणारा गडी नव्हता. सांगलीच्या एका दुकानातून त्याने एक करडी पट्टी मिळवली. रबरासारखी मऊ, चपातीसारखी दुमडणारी. चिप आणि अँप्लिफायरच्या पत्र्याच्या मध्ये दाबून बसवली की चिपची उष्णता पत्र्यात उतरते म्हणे. रबर असून हे जमतं कसं, याचं त्याला इतकं नवल की दोन दिवस तो ती नुसती वाकवून बघत होता.

त्याची आई बयाबाईही बघत होती. तिचा जन्म मेंढरांमागे चालण्यात गेलेला. तळपायांची आग शमावी म्हणून रोज तूप लावून काशाची वाटी घासायची, तरी आग जाईना.

"काय करतं रं हे?"

"आतली उष्णता वढून भाईर काढतं, आये."

"माणसाची बी?"

"उष्णता ती उष्णता! तिला काय चिप आन् माणूस कळतंय व्हय?" तानाजी हसून म्हणाला आणि तिथेच चुकला.

मैदानाच्या दिवशी पट्टी गायब! त्याने खोकी उपसली, गाद्या झटकल्या, शेवटी तसाच मैदानात गेला. तिसऱ्या कुस्तीला चिप हात लावू देईना. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत बयाबाई आली. हातात काशाची वाटी.

"हे घे तुझं रबर," ती उजवी चप्पल काढत म्हणाली. "सकाळधरनं घालून हिंडले, काय बी फरक न्हाई. माझी वाटीच बरी."

पट्टीच्या पार चिंध्या झाल्या होत्या. आता तानाजीच्याच तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडायला तोंड उघडलं आणि नजर वाटीवर गेली. काशाची वाटी, आत थोडं तूप, घासून घासून बुडालाही तूपच. धातू उष्णता घेणार, तूप मधली फट भरणार. पट्टी तरी दुसरं काय करते? त्याने वाटीचं बूड चिपवर दाबलं आणि सुतळीने करकचून बांधलं.

स्पीकर चालला. तास झाला, दीड तास झाला. फक्त तूप तापलं आणि त्याचा वास मैदानभर सुटला.

"शिरा हाय वाटतं, गड्या!" लोक एकमेकांना म्हणू लागले. माइकवर कुस्त्या पुकारणाऱ्या नानासोंच्याही नाकात वास शिरला. "कुणी उठू नका!" ते गरजले. "शेवटच्या कुस्तीनंतर शिऱ्याचा प्रसाद हाय!"

हे मात्र पार शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.

मैदान संपलं, तरी माणूस हलेना. आप्पासो आले. वाटी बघितली, तानाजीच्या पाठीवर थाप मारली. "फुडच्या साली बी तुझाच स्पीकर."

तानाजीला भरून आलं.

"आता ही हजारभर माणसं बसल्यात," आप्पासो म्हणाले, "त्यांच्या शिऱ्याचं तेवढं बघ."

बयाबाई वाटीत वाकून म्हणाली, "तूप तर बोटभरच हाय रं. आन् ते बी पायाचं."