दळवीकाकांना हवा असलेला दोष

आमच्या मजल्यावरचे दळवीकाका रक्ताचा रिपोर्टसुद्धा जसाच्या तसा स्वीकारत नाहीत. "साखर जास्त? कोणी ठरवलं? सीमेवर आहे म्हणा!" असं म्हणून ते लॅबवाल्याशी हुज्जत घालतात. साकीनाक्याच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं स्विच तपासायचे. पास, नापास, दुरुस्तीला, अशा तीन टोपल्या. काका निवृत्त झाले, पण टोपल्या डोक्यातच राहिल्या. दहिसरच्या बाजारात भाजीवाली त्यांना लांबून बघूनच टोमॅटो झाकते. शेजाऱ्यांच्या होणाऱ्या जावयालाही त्यांनी 'दुरुस्तीला' टाकलं होतं, तेही साखरपुड्यात, त्याच्या आईसमोर!

म्हणून सोसायटीने घरोघरी विजेची तपासणी ठरवली, तेव्हा सेक्रेटरी या नात्याने मी यादी केली आणि काकांचं घर मुद्दाम शेवटी ठेवलं. तपासणीला आलेल्या मॅडम दोषांना तीन श्रेणी देत होत्या. पहिली म्हणजे धोका, आजच बंद करा. दुसरी, महिन्याभरात दुरुस्त करा. तिसरी, नुसती सूचना. दोन दिवसांत सत्तावीस घरं उरकून आम्ही काकांच्या दारात उभ्या राहिलो.

सुरुवात झकास झाली! एक्स्टेंशन बोर्डाला पहिली श्रेणी मिळताच काका उसळले.

"पहिली? ओ मॅडम, वायर बघा, पिना बघा! फक्त झाकण तडकलंय. दुसरी लिहा."

मॅडमनी बोर्ड उघडला, पुन्हा पाहिला, मान हलवली आणि चक्क दुसरी लिहिली. मग पंख्याचा रेग्युलेटर दुसरीवरून तिसरीवर आला. काकांना नुसता चेव! मी घड्याळ बघतेय, मॅडम घाम पुसतायत आणि काका मॅच जिंकल्यासारखे खोल्याखोल्यांतून फिरतायत.

मग न्हाणीघर. बादलीत पाणी तापवायचा रॉड मॅडमनी मीटर लावून तपासला. "उत्तम आहे. दोष नाही."

"नाही कसा?" काका गरजले. "पहिली श्रेणी द्या!"

"काका, एवढा वेळ तुम्ही श्रेणी कमी करून घेत होतात ना?" मॅडमनी विचारलं.

"ते वेगळं. ह्याला पहिलीच."

"अहो, रॉड नवा आहे!" मी म्हटलं. "तुमच्या नादाला लागलं की वाट लागते बुवा दिवसाची."

काकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे त्यांची ऐंशी वर्षांची थोरली बहीण तांदूळ निवडत बसली होती. सगळे तिला बाय म्हणतात. काकांनी आवाज एकदम खाली आणला.

"तिला नीट दिसत नाही हो आता. परवा बटण चालूच होतं आणि पाणी तापलं का बघायला ही बोट घालणार! मी हात धरला म्हणून वाचली. आई गेल्यापासून माझं आंघोळीचं पाणी तीच काढते. तुला जमत नाही, असं तिला कुठल्या तोंडाने सांगू? रॉड खराब आहे, एवढं सांगता येईल. शिक्क्याच्या कागदावर तिचा विश्वास आहे. लिहा ना."

मॅडमचं पेन थांबलं. "काका, चांगल्या वस्तूला खोटा दोष नाही लिहिता येत मला."

"मीही तीस वर्षांत नाही लिहिला," काका म्हणाले. त्यांनी रॉड पुसून खुंटीला अडकवला.

मॅडम पुन्हा न्हाणीघरात शिरल्या. या वेळी रॉडकडे नाही, भिंतीकडे बघत. त्यांनी टेप लावली. "हा सॉकेट नळापासून हातभरसुद्धा लांब नाही! ओल्या हाताने इथे प्लग घालतात? इथे सॉकेटच नको. कोणी बसवला हा?"

मी डोळे मिटून घेतले. काकांच्या कामाला नावं ठेवली म्हणून दोन वायरमन या घरातून शिव्या खाऊन गेले होते.

"मी," काका म्हणाले.

"पहिली श्रेणी. आजच बंद."

काकांनी सही केली. वाद नाही, सवाल नाही. कागद घेऊन ते थेट स्वयंपाकघरात गेले.

"बाय, रॉड बंद करूचो लागतलो. सॉकेट चुकीच्या जाग्यार आसा. मियाच बसवलंय. माझाच चुकला गो."

बायने कागदावरच्या शिक्क्यावरून अंगठा फिरवला. "तुका कधी काय धड जमला?" म्हणत तिने जी सुरुवात केली, ती पार त्यांच्या शाळेपर्यंत गेली. काका मान खाली घालून सगळं ऐकत राहिले.

मग ती मध्येच थांबली. "मगे सकाळी तुझ्या आंघोळीच्या पाण्याचा काय?"

"गॅसार मीच ठेवतलंय," काका म्हणाले. "तुझापण."