काहीच न येणारे हंबर्डे सर

"मला काही येत नाही. कितीदा सांगू? मला काही म्हणजे काहीही येत नाही."

आवाज असा होता की समोरच्या डोंगरावरची गुरं चरायची थांबली. शाळेची तपासणी करायला आलेले साहेब नेमके त्याच वेळी जीपमधून उतरत होते. त्यांचा एक पाय जमिनीवर आला आणि दुसरा जीपमध्येच राहिला.

"हे कोण ओरडतंय?" साहेबांनी विचारलं.

"आमचे भाषेचे शिक्षक, साहेब."

"आणि त्यांना काही येत नाही?"

"तसं ते रोजच म्हणतात," मी म्हणालो. मी गणिताचा. खरं तेवढं सांगून मोकळा झालो.

नामदेव हंबर्डे सरांची आणि साहेबांची ओळख ही अशी झाली. तुमचीही अशीच झालेली बरी, कारण दुसऱ्या कुठल्या बाजूने या माणसात शिरायला दरवाजाच नाही. मोखाड्याकडून येताना पोशेरा मागे टाकून वर चढत राहिलं, की गाडी थकते त्या जागी आमची निवासी शाळा आहे. नांदेडकडचे हंबर्डे सर इथे नोकरीला आले ते तरुणपणी, आणि मग इथलेच झाले. लग्न केलं नाही. "लेकरं भरपूर आहेत की," म्हणायचे.

त्या दिवशी घडलं होतं एवढंच, की सातवीतल्या एका मुलीने पत्राची सुरुवात कशी करायची असं विचारलं होतं. शिक्षकाला विद्यार्थ्याने प्रश्न विचारणं हा आमच्या शाळेत गुन्हा होता. सरांचा कायदाच तसा होता: आधी टॅबला विचारायचं, तिथे नाही मिळालं तर शेजारच्याला, तिथेही नाही तर सुट्टीत घरी गेल्यावर आजीला. "आणि आजीलाही नाही आलं," सर म्हणत, "तर मग माझ्याकडं ये. आपण दोघं मिळून रडू."

साहेब बिचकत वर्गात गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात मुलांनी त्यांनाच लिहिलेली पत्रं होती, आणि त्यांतल्या एका पत्रात मुलींच्या न्हाणीघराचं दार तुटल्याची तक्रार इतकी रीतसर केलेली होती की साहेबांनी तिथल्या तिथे उत्तर देण्याचं कबूल केलं. दार आठवड्यात बसलं. मला शंका आहे की ते पत्र आणखी जरा जोरात असतं तर शाळेला नवी इमारत मिळाली असती.

पण हे सगळं नंतरचं. पूर्वीचे हंबर्डे सर तुम्ही पाहिले असते तर ओळखले नसते, कारण ते दिसतच नसत. ते वह्यांच्या मागे असत. सकाळी वह्या, दुपारी वह्या, जेवताना डाव्या हाताने वह्या. मी स्टाफरूममध्ये शिरलो की वह्यांच्या गठ्ठ्यालाच नमस्कार करायचो आणि गठ्ठा म्हणायचा, "बस, गणित." मला ते नावाने कधीच हाक मारत नसत. जव्हारच्या बाजारात लाल पेनं विकणारा दुकानदार आमच्या सरांच्या जिवावर दिवाळी करायचा. सवय एवढी लागली होती की कुणाच्या लग्नाची पत्रिका आली, तर तीही तपासून, खाली "अक्षर सुधारावे" असा शेरा मारून नवरदेवाकडे परत जायची.

मग शाळेत टॅब आले. आता यंत्राने मुलांना धडा वाचून दाखवायचा, प्रश्न विचारायचे, उत्तरं तपासायची आणि चुकलं तर पुन्हा करायला लावायचं. सरांनी खोकं उघडलं आणि वर्गापुढे ठेवलं. एकही मूल पुढे येईना.

"कामून रे? घ्या की."

जयवंती म्हणून एक मुलगी होती सातवीत, बोलण्यात फटकळ. ती उभी राहिली. "नवा हाय गुरजी. देवाला नाय दाखवला."

इथली रीत अशी, की शेतातलं नवं धान्य आधी देवाला दाखवायचं आणि मगच तोंडाला लावायचं. मुलांनी ती टॅबलाही लावली. दुसरा कुणी असता तर त्याने भाषण दिलं असतं. हंबर्डे सरांनी टोपली मागवली. त्यात टॅब मांडले, वर एक पंचा झाकला, टोपली डोक्यावर घेतली आणि शाळेमागच्या टेकडीवर वाघदेवाकडे निघाले. मागे सगळा वर्ग, त्यामागे जयवंतीचे आजोबा नारळ घेऊन, आणि सगळ्यांच्या मागे धापा टाकत मी.

टोपली वाघदेवापुढे ठेवली. आजोबांनी नारळ फोडला. आणि काय सांगू तुम्हाला, त्याच क्षणी सरांच्या खिशातला फोन थरथरायला लागला. थांबेचना. महिनोन् महिने अडकून पडलेले निरोप मुंग्यांसारखे बाहेर येऊ लागले. आमच्या शाळेत नेटवर्क म्हणून वस्तू नव्हती. भिंतीवर चढा, टाकीवर चढा, नाही म्हणजे नाही. ते अख्खं वाघदेवापाशी येऊन बसलं होतं.

मी थक्क होऊन आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "देव हाय तठ सगला येतं," म्हणाले, आणि खाली उतरायला लागले.

तेव्हापासून आमच्याकडे नेट भरतात. पाणी भरतात तसंच. दुपारच्या सुट्टीत ज्यांची पाळी असेल ती मुलं टोपली घेऊन टेकडी चढतात, नवे धडे उतरवून घेतात, केलेला अभ्यास वर पाठवतात आणि भरलेली टोपली खाली आणतात. पायांत वाट आहे, त्यामुळे टॅब हिंदकळत नाहीत. कुणी विचारलं, "कुठे चाललात?" तर म्हणतात, "नेट भराय."

तुम्हाला वाटेल, आता सर मोकळे झाले. छे. पहिला महिनाभर यंत्राने तपासलेली उत्तरं ते पुन्हा तपासत बसले. म्हणजे पूर्वी एक काम होतं, त्याची दोन झाली.

"सर, यंत्रावर विश्वास नाही का?"

"विश्वास आहे. ओळख नाही."

एकदा तर मी त्यांना टॅबला दम देताना पकडलं. मुलं वाचत होती, आणि यंत्राला आमच्या डोंगरातले उच्चार पचत नव्हते. ते वाचणाऱ्या प्रत्येकाला नापास करत सुटलं होतं. सर त्याच्यापुढे बोट नाचवत म्हणाले, "शिक्षण तुझं कमी पडतंय. लेकरांचं नाही." आणि यंत्राची ती परीक्षा त्यांनी बंदच करून टाकली. त्याऐवजी धडे स्वतःच्या आवाजात भरून ठेवले. मुलांनी ऐकायचं, वाचायचं, आपलं वाचन टॅबमध्ये भरायचं आणि एकमेकांचं ऐकून सुधारायचं.

शेवटी ओळख पटली, आणि एका संध्याकाळी हंबर्डे सरांना अचानक करायला काही उरलं नाही. फार वाईट अवस्था होती. हात शिवशिवायचे. मेसमधल्या भाकरीवर बोटाने बरोबरची खूण करायचे, मग खायचे. आणि काही दिवसांनी ते संध्याकाळी गायब व्हायला लागले. जेवायच्या घंटेला परत येत तेव्हा कपड्यांना चुलीचा धूर लागलेला असे. मी काय काय तर्क केले ते इथे छापण्यासारखे नाहीत. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मला काही येत नाही, ते शिकायला जातो."

या सगळ्यात एक गोष्ट मी पाहत होतो. सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. फोन नाकाला लावून वाचायचे. एकदा तर स्टाफरूममध्ये त्यांनी माझ्याऐवजी कपाटाला अर्धा तास समजावून सांगितलं, आणि कपाटाने ऐकूनही घेतलं. डॉक्टर कधीचे ऑपरेशन करा म्हणत होते. सर पुढे ढकलत होते. आधी म्हणाले पावसाळा होऊ दे, मग म्हणाले परीक्षा होऊ दे. माणूस डोळे घालवील पण वर्ग सोडणार नाही, अशी चिन्हं होती. मला राग यायचा. अहो, ज्या माणसाने वर्गाला स्वतःवाचून चालायला शिकवलं, तोच जायला घाबरतो म्हणजे काय?

अखेर मीच नाशिकची तारीख ठरवली आणि सरांना मोटारसायकलवर घालून मोखाड्याच्या एसटी थांब्यावर आणलं. गाडीला उशीर होता. चहा घेताना ते म्हणाले, "गणित, तुला सखूची गोष्ट सांगितली का?"

नव्हती सांगितली.

पूर्वी, टॅबच काय, मीही या शाळेत यायच्या आधी, सरांची आई गेली तेव्हा ते गावी गेले होते. सातवीला शिकवायला कुणी नव्हतं. मुलं नुसती बसून राहिली. सखू नावाची मुलगी रोज दारापाशी उभी राहायची, गुरुजी आले का बघायला. मग तिचे आईबाप कामाला भिवंडीकडे निघाले, आणि इथे शिकवायला कोणी नाहीच तर राहून काय करायचं म्हणून तीही त्यांच्याबरोबर गेली. सर परतले तेव्हा तिची जागा रिकामी होती. ते तिच्या पाड्यावर गेले, भिवंडीलाही जाऊन आले. सापडली नाही.

"वाट पाहत होती लेकरू," सर म्हणाले. "तेव्हा ठरवलं, आपली वाट पाहायची सवय कुणाला लावायची नाही."

गाडी आली. चढता चढता त्यांनी मला ताकीद दिली, "वर्ग तुझ्याकडं. एकच काम करायचं. काहीही करायचं नाही."

हे काम दिसतं तितकं सोपं नाही, हे सांगून ठेवतो. मी वर्गात जाऊन खुर्चीवर बसलो. सुदाम नावाचा एक मुलगा कुठेतरी अडला होता. मला दया आली. मी उत्तर सांगायला तोंड उघडलं, तोच जयवंती म्हणाली, "सर, तुमी गप ऱ्हा. गुरजी सांगून गेलेत, गनिताचे सर उत्तर सांगतील, आयकू नका."

मी गप बसलो. तेव्हाच सुदामच्या टॅबमधून सरांचा आवाज आला. धडा संपवला की शाबासकी मिळते, ती त्यांनी आधीच भरून ठेवली होती. मला वाटलं होतं, सगळ्यांना एकच असेल. पण आवाज म्हणाला, "सुदाम, बेस वाचलास. तुझी आजी म्हणते, लहानपणी तू बैलाला गोष्टी सांगायचास. तसाच वाच." पलीकडच्या टॅबमधून वेगळंच ऐकू आलं, "मंगी, बेस केलंस. तुझ्या आईची नाचणीची भाकरी खाल्ली, तशीच खमंग." प्रत्येकाची शाबासकी निराळी, त्यात त्याच्या घरचं काहीतरी, आणि मधूनमधून मुलांच्या घरची बोली, सरांच्या नांदेडी वळणाची, मोडकीतोडकी. चुलीच्या धुराचा वास कुठून येत होता ते मला तेव्हा कळलं. वह्यांतून सुटलेल्या सगळ्या संध्याकाळी हा माणूस पाड्यापाड्यांवर चुलीपाशी बसून आला होता.

नाशिकहून सर परतले ते कुणालाही न कळवता. काळा चष्मा लावून, आंधळ्या वाघासारखे दबकत सातवीच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. मी आतून पाहिलं, त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

वर्गात नुसती धांदल होती. मुलं पहिलीच्या पोरांसाठी धडा तयार करत होती. ही कल्पना त्यांची त्यांनाच सुचलेली. पहिलीला आल्या आल्या शाळेची मराठी कळत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? वाघदेवापाशी नेट कसं सापडलं त्याची गोष्ट होती. आधी घरच्या बोलीत, मग शाळेच्या मराठीत. एक वाचत होता, दुसरी टॅबमध्ये भरत होती, तिसरा चित्र काढत होता, आणि एका वाक्यावरून मंगी आणि सुदामची अशी जुंपली होती की मला माझ्या विषयाची लाज वाटली. गणितासाठी इतकं भांडताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही. अभिमानाने माझी छाती अशी फुगली की शर्टाचं एक बटण गेलं. ते अजून सापडलेलं नाही.

चित्र काढणाऱ्याने मान वर न करता खिडकीकडे हात हलवला. "बाजूला व्हा जरा. उजेड आडतो."

हंबर्डे सर बाजूला झाले.

सुट्टी झाली. टोपली घेऊन जयवंती बाहेर पडली, नेट भरायला. दारातच तिला सर दिसले. "आलात?" म्हणाली आणि निघाली. सर दोन पावलं तिच्या मागे गेले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण मला कान द्यावा लागला.

"जयवंते, मी नव्हतो तेव्हा कुणी माझी वाट पाहिली का गं?"

तिने डोक्यावरची टोपली नीट केली.

"नाय गुरजी. टाइम नाय मिलला."