दामूअण्णा आणि ब्याऐंशीचा थर्मोस्टॅट

दामूअण्णा ओसरीवर वातींचा स्टोव्ह पेटवून बसले की आमच्या पंचवटीतल्या गल्लीत नव्यानं आलेल्या माणसाला वाटायचं, म्हातारा चहा करतोय. जवळ जाऊन पातेल्यात डोकावलं की तो बिचारा गोंधळायचा. तापत्या पाण्यात दोऱ्याला बांधलेली पितळेची एक चकती लोंबत असायची आणि हातात तापमापक धरून अण्णा तिच्याकडे टक लावून बसलेले असायचे.

"काय शिजवताय अण्णा?" असं कुणी विचारलंच तर मान वर न करता म्हणायचे, "थांबा. उघडतोय."

उघडायचा तो थर्मोस्टॅट. इंजिन पुरतं तापेपर्यंत त्यातलं पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही झडप. ठरलेल्या तापमानाला आपोआप उघडते. मी कॉलेजात मराठी शिकवतो, पण एवढं मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. अण्णांचा शेजार फुकट जात नाही.

अण्णा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. आयुष्यभर सायकल. निवृत्त झाल्यावर या गृहस्थांनी काय घ्यावं? दोन माणसांची, उघड्या टपाची, लाल विलायती स्पोर्ट्स मोटार! निफाडच्या एका द्राक्ष बागायतदाराच्या गोठ्यात ती पडून होती आणि तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. अण्णांच्या बायकोचं, कुसुमकाकूंचं, माहेर निफाडचंच. "घेऊन टाका," असं काकूच म्हणाल्या म्हणे. "जन्मभर तुमच्या कॅरिअरवर बसले."

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. रविवारी सकाळी काकू डोक्याला रुमाल बांधून, चपला घरी ठेवून गाडीत बसायच्या. गाडी म्हणजे घरातली लक्ष्मी, तिच्यात चपला घालून कसं बसायचं, असा त्यांचा सवाल. शेजारी अण्णा, डोळ्यांवर गॉगल. गल्लीतली भाजीवाली मंडळी टोपल्या मागे ओढून वाट द्यायची.

मग एका वर्षी काकू गाडीत दिसेनाशा झाल्या. "ही बसायला तयार नाही," अण्णा सगळ्यांना सांगायचे. "म्हणते, पायाखाली भट्टी आहे." इंजिनाची धग डाव्या बाजूनं आत यायची हे खरं होतं. तेव्हापासून अण्णांचा एकच ध्यास: गाडीत आधीपासून असलेला अठ्ठ्याऐंशी अंशांचा थर्मोस्टॅट काढून जरा लवकर उघडणारा बसवायचा, गाडी थंड करायची आणि काकूंना पुन्हा शेजारी बसवायचं.

पुलाजवळच्या गॅरेजातले गफूरभाई यावर हसायचे. "अण्णा, निकालके फेक दो ना! येईल त्या गाडीचा मी पहिला तोच काढतो. आपल्याकडे काय बर्फ पडतो का?"

त्यांचंही बरोबर होतं. त्या काळी नाशकातल्या निम्म्या गाड्या थर्मोस्टॅटशिवायच धावत असतील. पण अण्णांना हे ऐकवायचं नाही.

"डिसेंबरात पहाटे निफाडला या एकदा!" ते गरजायचे. "बागेत शेकोट्या पेटवतात लोक! कुडकुडणारं इंजिन पेट्रोल ढोसतं आणि लवकर म्हातारं होतं. ताप येतो म्हणून माणसाचं काळीज काढून ठेवता काय?"

शेवटी मुंबईच्या भाच्यानं जुन्या बाजारातून दोन थर्मोस्टॅट आणले. एक ब्याऐंशीचा, एक चौऱ्याहत्तरचा. लेकीला स्थळं बघावीत तशी अण्णांनी त्यांची पारख चालवली. "अठ्ठ्याऐंशी तापट आहे, ते घर नकोच. चौऱ्याहत्तर आळशी, दार सताड उघडं टाकून झोपणारा. ब्याऐंशीचं... बघू, चार दिवस राहून बघू."

चार दिवस राहून बघायचं होतं ते मी.

"चपला काढा, प्रोफेसर."

"अनवाणी?"

"अनवाणी. ती तशीच बसते."

पेठ रोडच्या चढावर गाडी कण्हू लागली की अण्णांची तोंडी परीक्षा सुरू व्हायची. "डावा पाय काय म्हणतो?"

"गरम आहे."

"गरम म्हणजे? दुधाइतकं, चहाइतकं की तव्याइतकं? मराठी शिकवता ना? शब्द वापरा!"

अठ्ठ्याऐंशीला मी तवा म्हणालो. चौऱ्याहत्तरला दूध; पण थंडीतल्या सकाळी इंजिनाच्या तापमानाचा काटा जागचा हलेना, म्हणून अण्णांनी ते स्थळ मोडलं. ब्याऐंशी बसवला, शिवाय पायाखाली घोंगडीचे तुकडे चिकटवले, आणि मी "कोमट" म्हणालो. अण्णांनी भर रस्त्यात माझी पाठ थोपटली. यात ब्याऐंशीचं श्रेय किती आणि घोंगडीचं किती, हे मी विचारलं नाही. मला घरी परत यायचं होतं.

परत आल्यावर अण्णा बॉनेट उघडून अंगणात उभे राहिले. काकूंनी मला आत चहा दिला. मी थट्टेनं म्हणालो, "काकू, आता तरी नखरे सोडा. तुमच्यापायी माझे तळवे भाजून निघाले."

काकूंनी दाराबाहेर एकदा बघून घेतलं. "मी कुठं नाही म्हणते? मी आत्ता बसेन. तेच बसवत नाहीत."

मला काही कळेना.

"साखर आहे ना मला," त्या म्हणाल्या. "पायांची जाणीव गेलीय. त्या उन्हाळ्यात निफाडहून आलो. हे वाटभर गात होते, मी टाळ्या वाजवत होते. घरी येऊन बघते तर तळपायाला हा एवढा फोड. भाजलेलं मला कळलंच नाही हो. जखम भरायला दिवाळी आली. हा माणूस लहान मुलासारखा रडला. भट्टीचं मी म्हटलंच नव्हतं कधी. मला भट्टी कळते कुठं? पण सांगतात तर सांगू देते."

माझा चहा तसाच राहिला. इतके दिवस मी या माणसाला हसत होतो, गल्लीला नकला करून दाखवत होतो. त्या क्षणी मला तो फार आवडला. आणि आपले दोन पाय त्याच्या उपयोगी पडले याचा, खरं सांगतो, मला अभिमान वाटला.

पुढच्या रविवारी काकू गाडीत बसल्या. चपला घरीच. त्या बाबतीत अण्णांचं काही चाललं नाही. "तुम्ही स्कूटरवर मागून या," अण्णा मला म्हणाले.

निफाडच्या रस्त्यावर पाच-सहा मैल गेलो आणि लाल गाडी कडेला थांबली. मला वाटलं, पाणी उकळलं. पण अण्णांनी बॉनेटला हातही लावला नाही. ते वळसा घालून डावीकडे गेले, दार उघडलं, धुळीत गुडघे टेकले आणि काकूंचे दोन्ही तळपाय ओंजळीत धरून बघू लागले.

कांद्याच्या गोण्यांवर बसलेले काहीजण ट्रॅक्टरमधून चालले होते. त्यातला एक ओरडला, "काय वो बाबा! बायकोचे पाय धरले? लय मोठा गुन्हा केला वाटतं!"

"अहो, उठा," काकू पदरात तोंड लपवून म्हणाल्या. "लोक बघताहेत."

"बघू देत," अण्णा म्हणाले. दोन्ही पाय नीट चाचपून झाल्यावरच ते उठले.

निफाड येईपर्यंत गाडी अशीच थांबत गेली. शेवटी शेवटी काकूंनी लाजणं सोडून दिलं. गाडी कडेला लागली की अण्णा उतरायच्या आत त्या स्वतःच दार उघडून पाय पुढे करून बसायच्या.