बहिणीच्या गावी, लॉजवर

आमच्या शेजारचे गजानन म्हात्रे दर दोन-तीन महिन्यांनी उरणला सहलीला जातात आणि लॉजवर उतरतात. तेथून रिक्षाने दहा मिनिटांवर, करंजाला, त्यांच्या सख्ख्या बहिणीचे घर आहे.

पनवेलचा माणूस सहलीला महाबळेश्वरला जातो, गोव्याला जातो. उरणला तो कामासाठी जातो आणि संध्याकाळच्या एसटीने परततो. म्हात्रे मात्र शनिवारी सकाळी गळ्यात दुर्बीण आणि पायांत मुलाने टाकून दिलेले बूट घालून स्थानकावर हजर असतात. कशाला जाता, असे कोणी विचारले की उत्तर ठरलेले: "अजून बगायचं ऱ्हायलंय." त्यांचा उभा जन्म या खाडीकाठी गेला. त्यांच्या शेतावर आज खारघरचे टॉवर उभे आहेत. बघायचे नेमके काय राहिले, हे मला कळत नसे.

त्यांचा दुसरा विषय मासळी. खानावळीत शिरल्यावर म्हात्रे आधी स्वयंपाकघरात जातात. माशाचा कल्ला उचलतात, अंगठ्याने पाठ दाबतात आणि निकाल देतात: "परवाचा हाय." सोसायटीतील एका बारशाला मासे नव्हते, तेव्हा त्यांनी पनीर दाबून पाहिले होते.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला सोबत येण्यास सांगितले आणि कारणही दिले. "भाऊसाहेब, तुमी बोलत नाय." माझी सगळी नोकरी कोर्टात झाली. बोलणे मी पुरेसे ऐकले आहे. मी गेलो.

शनिवारी आम्ही उरणची बाजारपेठ पायी पाहिली, मोऱ्याचा धक्का पाहिला, आणि द्रोणागिरीच्या पायथ्याशी जाऊन समोरचा डोंगर दुर्बिणीतून पाहिला. दुपारी खानावळीच्या मालकाने म्हात्रे दिसताच कच्चा पापलेट ताटात घालून बाहेर आणला.

"काका, आत येऊ नका. इथंच बघा."

म्हात्र्यांनी बघितला, "कालचा हाय" असे जाहीर केले आणि दोन तुकडे खाल्ले. मालकाने मला हळूच सांगितले की 'कालचा' म्हणाले म्हणजे स्वारी आज खुशीत आहे.

संध्याकाळी पिरवाडीच्या किनाऱ्यावर बसलो असताना, मी काही विचारले नसताना, त्यांनी बहिणीची हकीकत सांगितली. मुलाच्या हळदीला सुमनने करंजाहून मासळीच्या दोन टोपल्या आणल्या होत्या. म्हात्र्यांनी भर मांडवात एक कल्ला उचलला आणि म्हणाले, शिळी हाय. मांडव हसला. सुमनने टोपल्या उचलल्या आणि ती निघून गेली. त्याला चार वर्षे झाली. तेव्हापासून दोघांत शब्द नाही.

"खरोखर शिळी होती?" मी विचारले.

"ताजी व्हती. सवयीनं बोललो."

मग सवयीचे कारणही सांगितले. आई मिठागरावर कामाला जाई आणि लहानग्या सुमनला म्हात्रेच जेवू घालीत. एकदा त्यांनी रांधलेल्या मासळीने ती आजारी पडली. वाचेल असे कोणाला वाटले नव्हते. तेव्हापासून स्वतः पाहिल्याशिवाय ते कोणाच्याही ताटात मासा पडू देत नाहीत. एवढे बोलून त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. समुद्रावर अंधार पडला होता.

रविवारी करंजा. बोटी पाहिल्या, मासळीचा लिलाव पाहिला, वाळत घातलेले बोंबील पाहिले. नंतर एका गल्लीच्या तोंडाशी जाऊन, ऊन वाढले असे सांगून, म्हात्रे मागे फिरले. थोड्या वेळाने पुन्हा तेथेच गेलो. या खेपेस त्यांच्या बुटात खडा गेला. तिसऱ्या खेपेस, पहिल्याच दारात विळीवर मासा कापीत बसलेली बाई मान वर न करता म्हणाली,

"दादूस, आमचा करंजा बगून झाला का?"

म्हात्रे जागीच थांबले.

"दर वेळी बगते मी. लॉजवाला जेवायला घालत नाय वाटतं."

"आमी जेवलोय," म्हात्रे म्हणाले.

चार वर्षांनी बहिणीशी काढलेला पहिला शब्द, आणि तो खोटा. मी आयुष्यभर शपथेवरच्या साक्षी ऐकल्या आहेत.

"मी जेवलेलो नाही," मी म्हणालो.

हळदीचा विषय कोणी काढला नाही. सुमनने घाईघाईने कालवण टाकले. आत दोनदा भांडे पडले. म्हात्रे ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. स्वयंपाकघराकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. उजव्या हाताचा अंगठा मुठीत घट्ट धरून ठेवला होता.

ताटे आली. त्यांनी मासा दाबला नाही, हुंगलाही नाही. सरळ घास घेतला. सुमन दाराची चौकट धरून उभी होती.

"मीठ बराबर हाय ना?"

म्हात्र्यांनी तोंडातला घास सावकाश गिळला.

"बराबर हाय, बाय. अजून वाढ."

कालवणात मीठ मुळीच नव्हते. मीही दुसऱ्यांदा वाढून घेतले.