शाळा न सोडल्याचा दाखला

"नाव तेवढं घालून ठेव. पाठवू नकोस हवं तर, पण नाव घाल," असं चंद्रभागाबाईंनी सुनेला दहा वर्षांपूर्वी बजावलं होतं. नात तेव्हा सहा वर्षांची होती, आणि सुनेनं, म्हणजे दीक्षानं, तिला शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलं होतं. चंद्रभागाबाई महापालिकेच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. बोलायच्याही इंजेक्शन दिल्यासारख्या: आधी न सांगता, आणि खोल.

"माझ्या बापाला शाळेच्या व्हरांड्यात बसवायचे. आत घेत नव्हते. तिथनं आपण आत आलो. आणि तू काय, पोरीला आपणहून बाहेर काढतीस?"

"बाहेर कुठे, आई? घरात ठेवतेय," असं म्हणून दीक्षानं तो विषय हसण्यावारी नेला होता.

तसं काही बिघडलंही नाही. कोथरूडच्या त्या टू बीएचकेच्या गॅलरीत बसून आम्रपाली अपूर्णांक शिकली, स्वयंपाकघरात पोळीचे भाग करून कोन शिकली. दीक्षाला मात्र दहा वर्षं धड झोप नव्हती. पोरीला पानिपतची तीन युद्धं सांगितली की दोन, या धास्तीनं ती रात्री उठून पुस्तक बघायची. शेवटी आम्रपाली मुक्त विद्यालयाच्या बोर्डातून दहावीला बसली आणि इतके चांगले गुण मिळवून पास झाली, की शेजारच्या काकूंनी पेढा घेताना "कॉपी नाही ना चालत तिकडे?" असं प्रेमानं विचारलं.

मग आम्रपालीनं जाहीर केलं, "आई, आता मला कॉलेजला जायचंय. खऱ्या वर्गात. मला प्रयोगशाळा हवी. व्हिडिओतल्या माणसाला शंका विचारता येत नाही."

प्रवेशाच्या ऑनलाइन फेरीत तिला हवं ते कॉलेज लागलं, सायन्सला. आता शनिवारपर्यंत कागद दाखवून प्रवेश पक्का करायचा, नाहीतर जागा पुढच्या मुलाला. दीक्षानं कागदांच्या तीन तीन प्रती काढल्या आणि सोमवारीच कॉलेजची खिडकी गाठली. खिडकीच्या आत उत्तरेश्वर नावाचे क्लार्क बसले होते. त्यांनी मान वर न करता हात पुढे केला.

"दाखला?"

दीक्षानं बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट दिलं.

"हे बोर्ड सोडल्याचं. शाळा सोडल्याचा दाखला कुठाय?"

"ती शाळेत गेलीच नाही. घरी शिकलीये."

"गेली नाही, मग सोडली कशी?"

"सोडलीच नाही हो!"

"बरोबर. म्हणजे अजून शाळेतच आहे." उत्तरेश्वरांनी प्रथमच वर पाहिलं. "एका वेळी दोन ठिकाणी नाव चालत नाही, मॅडम. आधी शाळा सोडून या."

"कुठली?"

"ते आम्ही कसं सांगणार? मुलगी तुमची."

दीक्षानं नवऱ्याला फोन लावला. धम्मदीप हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होता, आणि बस नेहमीच्या जागी अडकली होती.

"मग सोडून टाकू ना," तो म्हणाला.

"काय?"

"शाळा."

"अरे, कुठली?"

"जवळची बघ एखादी."

दीक्षानं फोन ठेवला आणि पुन्हा खिडकीशी जाऊन दाद मागितली. उत्तरेश्वरांनाही दया आली असावी. "असं करा, ती शाळेत नाही, एवढं एखाद्या शाळेकडून लिहून आणा. बघू मग," ते म्हणाले.

मंगळवारी दीक्षा, आम्रपाली आणि "मी येते, तुला बोलता येत नाही" असं म्हणत चंद्रभागाबाई, अशा तिघी जवळच्या एका शाळेत गेल्या. मुख्याध्यापिका राजनंदिनीबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे ही मुलगी आमच्या शाळेत कधीच नव्हती, असं लिहून देऊ?"

"हो."

"ते मी अर्ध्या पुण्याला देईन. तुम्हालाही देते, हवं तर." मग त्या पुढे झुकल्या. "पण त्यानं काय सिद्ध होणार? आमच्याकडे नव्हती म्हणजे दुसरीकडे असेल, असं म्हणतील. त्यापेक्षा मी सांगते ते ऐका. मी आज हिचं नाव घालते, उद्या काढते. दाखला तयार. मुलीला यायचीसुद्धा गरज नाही."

"घ्या की मग!" चंद्रभागाबाई खुर्चीतच उसळल्या. "दहा वर्षं मी दुसरं काय सांगत होते?"

दीक्षाला मोह झाला. शनिवार तोंडावर आला होता. इथे एक सही झाली की तिकडे जागा पक्की. तिनं आम्रपालीकडे पाहिलं. पोर भिंतीवरच्या गुणवंतांच्या फोटोंकडे बघत होती.

"आई," आम्रपाली म्हणाली, "मग माझाही फोटो इथे लावणार का? न येता?"

दीक्षा उठलीच. "नको मॅडम. पानिपतसाठी रात्री मी उठलेय. माझी दहा वर्षं मी तुमच्या शाळेच्या नावावर करणार नाही."

"हट्टी आहेस," जिन्यात चंद्रभागाबाई म्हणाल्या. पण दोन पायऱ्या उतरल्यावर त्यांनी सुनेच्या हातातली जड पिशवी आपल्या हातात घेतली.

बुधवारी उत्तरेश्वरांनी नवा मार्ग काढला. "गॅप सर्टिफिकेट करा. शिक्षणात खंड पडला की ते लागतं. खंड कधीपासून?"

"खंड नाहीच. पण शाळेच्या हिशेबानं म्हणाल तर जन्मापासून."

"मग तसं लिहा."

कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे मजकूर तयारच होता, त्यानं फक्त नाव आणि तारखा घातल्या. चंद्रभागाबाईंनी चष्मा लावून तो मोठ्यानं वाचला. "'मी प्रतिज्ञेवर सांगते, की जन्मापासून आजपर्यंतच्या खंडकाळात मुलीने कोठेही नोकरी केलेली नाही, तसेच ती कोणत्याही गुन्ह्यात सामील नव्हती.' अगं, पाळण्यात असताना हिनं माझी कर्णफुलं ओढून तोडली होती. ते धरायचं का?"

"आई, सही करू दे."

गुरुवारी प्रतिज्ञापत्र पाहून उत्तरेश्वर पेचात पडले. सगळे कागद जुळत होते, ही गोष्ट त्यांना सहन होईना. त्यांनी तिघींना प्राचार्यांसमोर उभं केलं. प्राचार्यांनी कागद चाळले आणि मूळ दुखण्यावर बोट ठेवलं.

"बाकी ठीक आहे हो. पण जी मुलगी कधी शाळेतच बसली नाही, ती रोज वर्गात येईल कशावरून? आमच्याकडे शिस्त आहे. पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते."

दीक्षा तोंड उघडणार, तोच चंद्रभागाबाई पुढे झाल्या. दहा वर्षं ज्या गोष्टीवरून सुनेला टोचलं, ती दुसऱ्या कुणी बोलून दाखवावी, हे त्यांना मंजूर नव्हतं.

"साहेब, माझ्या बापानं पावसाळ्यात भिजत, व्हरांड्यात बसून शाळा केली. एक दिवस बुडवली नाही. त्याच्या पणतीला तुम्ही आत बाक दिलात, तर ती उठेल होय? पंच्याहत्तर काय सांगता? शंभर लिहा!"

"आजी, शंभर..." आम्रपाली कुजबुजली.

"तू गप. लिहा हो साहेब! परवानगीशिवाय एक तास बुडवला, तर प्रवेश रद्द. घ्या लिहून, आणि तुम्हीपण सही करा."

प्राचार्यांनी असा पालक आयुष्यात पाहिला नव्हता. हमीपत्र झालं, दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या, शिक्का बसला आणि आम्रपाली सायन्सची विद्यार्थिनी झाली. त्या रात्री घरात श्रीखंड होतं.

कॉलेज सुरू झालं त्या दिवशी दीक्षा सकाळपासून फोन हातात घेऊन बसली होती. पोर गर्दीत बावरेल, कुणी बाकावर जागा देणार नाही, ती डब्याला एकटी पडेल. अकराच्या सुमारास फोन वाजला. पलीकडे उत्तरेश्वर होते, आणि त्यांचा आवाज घाबरलेला होता.

"मॅडम, तुमची मुलगी आलीये."

"हो. आज पहिला दिवस ना?"

"तो आहेच. पण अशी खरोखरीची येते का कुणी?"

"म्हणजे?"

"अहो, सगळी मुलं क्लासला जातात. नाव इथं, अभ्यास तिथं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला एकदा तोंड दाखवतात."

"आणि तुमची ती पंच्याहत्तर टक्के हजेरी?"

"हजेरी भरपूर असते हो. मुलं नसतात." उत्तरेश्वर काकुळतीला आले. "ती एकटी आली की सर आले, शिपाई आला, प्रयोगशाळेची किल्ली आली. किल्ली सापडत नाहीये, मॅडम! तुम्ही तिला घरीच बसवा ना. घरी छान शिकते म्हणालात. हजेरीचं आम्ही बघतो."

दीक्षाची दहा वर्षांची धास्ती त्या एका वाक्यानं निवली. इतक्या थंडपणे ती आजवर कुणाशीच बोलली नव्हती.

"उत्तरेश्वर साहेब, हमीपत्रावर तुमच्या प्राचार्यांची सही आहे. तिनं तास बुडवला तर प्रवेश रद्द. तुम्ही तास बुडवलात तर काय रद्द करायचं, तेवढं विचारून सांगा. तोवर ती येणार."

किल्ली सापडली. प्रयोगशाळेतून कबुतरांची दोन कुटुंबं बाहेर निघाली. भौतिकशास्त्राचे महिपती सर पहिल्या दिवशी वर्गात डबा खात बसले होते. आम्रपालीला पाहून "कोण हवंय, बाळ?" म्हणाले. "तुम्हीच, सर," असं तिनं सांगितल्यावर त्यांना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, तिसऱ्या दिवशी रंगीत खडू घेऊन. नियमाप्रमाणे ते सगळ्या वर्गाची नावं पुकारतात, प्रत्येक नावानंतर थोडं थांबतात, आणि आम्रपाली "हजर, सर" म्हणाली की पुढची नावं जरा जोरात घेतात. तास संपताना विचारतात, "समजलं का सगळ्यांना?"

"कसं वाटतंय गं कॉलेज?" दीक्षानं एका संध्याकाळी विचारलं.

"अगदी घरच्यासारखं," आम्रपाली म्हणाली. "एक शिकवणारं, एक शिकणारी. फक्त सर तुझ्यासारखे ओरडत नाहीत."

चंद्रभागाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. दीक्षा मात्र काहीतरी शोधायला आत निघून गेली.

आता एकच अडचण आहे. पुढच्या आठवड्यात आम्रपालीच्या मावशीचं लग्न आहे, अकोल्याला. तिनं रीतसर परवानगी घेतली आहे. महिपती सर "जा, जा, मजा कर" म्हणाले, आणि फळा पुसून झाल्यावरही बराच वेळ पुसत राहिले. म्हणून विनंती आहे. तुम्ही कोथरूडकडून जाणार असाल, तर त्या कॉलेजात दुसऱ्या मजल्यावर, डावीकडच्या शेवटच्या वर्गात जरा डोकावून या. सर नावं पुकारत असतील. कुठल्याही नावाला "हजर" म्हणा. चालेल त्यांना.