मोनालिसाच्या हातातला चेपका गंज

सादिक पेंटरनं मला फसवलं, आणि तेही माझ्याच दुकानात, चारचौघांसमोर. डोक्यावर टोपली घेऊन दिग्रसच्या गल्ल्यांत भांडी विकणारा मी आज दोन मजली दुकानाचा मालक आहे. भाव करताना मला कोणी हरवत नाही. सादिक हरवतो, कारण तो भाव उलटा करतो.

बाया माझ्याकडे जुनी भांडी मोडीत देतात आणि त्यांच्या वजनावर नवी नेतात. मोडीचा ढीग दुकानामागच्या अंगणात असतो. सादिक रोज सकाळी तिथं उकिडवा बसतो आणि एखादी काळीकुट्ट कढई उचलतो. मी म्हणतो, "चाळीस दे."

"नाही सेठ, पन्नास. किती वर्षं भजे तळले असतीन हिनं! हिची काही इज्जत आहे का नाही?"

"मंग तीसच दे!"

"मंग साठ."

माझं डोकं फिरतं. अशा माणसाशी धंदा करायचा तरी कसा?

एके काळी निम्म्या दिग्रसच्या पाट्या यानंच रंगवल्या. पुढे फ्लेक्स आले आणि ब्रश वाळला. दुसरा कोणी रडत बसला असता. यानं जगातली नामांकित चित्रं प्लायवूडवर काढायला घेतली आणि त्यांत माझ्या मोडीतली भांडी ठोकायला सुरुवात केली. भोवऱ्यासारखं गरगरणारं रात्रीचं आभाळ तुम्ही चित्रात पाहिलं असेल. सादिकच्या आभाळात तारे म्हणजे सोऱ्यातल्या चकलीच्या चकत्या. मोत्याचा डूल घातलेल्या त्या पोरीच्या कानात ट्रॅक्टरच्या बेअरिंगची गोळी आहे. पुलावर उभा राहून किंचाळणाऱ्या माणसामागे त्यानं खराखुरा कुकर बसवलाय.

"हे काहून रे?" मी विचारलं.

"सेठ, शिट्ट्यावर शिट्ट्या होऊन राह्यल्या अन् घरात गॅस बंद करायले कोणी नाही. माणूस बोंबलन नाही तं काय करन?"

दसऱ्याला दुकानाचा वरचा मजला उघडायचा होता. मी म्हटलं, "पेंटर, मोनालिसा काढ. तिच्या हातात आपला नवाकोरा स्टीलचा डबा दे. बदल्यात वर्षभर मोडीतलं पाहिजे ते फुकट ने." तो लगेच 'हो' म्हणाला. मला तिथंच संशय यायला हवा होता.

दसऱ्याला पाहुण्यांसमोर मी पडदा ओढला. मोनालिसा झकास उतरली होती. पण तिच्या हातात डबा नव्हता. होता माझ्याच मोडीतला एक गंज, आमच्याकडे ज्यात वरण शिजतं तसला. एका बाजूनं चेपलेला, बुडाशी काळा, काठावर नाव कोरलेलं : 'चि. कमल हिस, आईकडून'.

"पेंटर! माहा डबा कुठी आहे?"

"सेठ, त्या डब्यातून आजवर कोणी घासभर खाल्लं नाही. तो हातात घेऊन ते बाई हासन कशी?"

सगळे हसले. मीही दात दाखवले, पण आतून पेटलो होतो.

खरा फटका पुढे बसला. बाया पिशवीत जुनं भांडं घेऊन यायच्या, चित्रासमोर थांबायच्या, काठावरचं नाव वाचायच्या. मग चेहऱ्यावर त्या मोनालिसासारखंच अर्धवट हसू यायचं आणि भांडं पिशवीत परत जायचं. "राहू द्या भाऊ, आज नाही देत." एका काकूंनी तर आदल्या आठवड्यात दिलेली देगची परत मागितली. "तिच्यावर माह्या मायचं नाव आहे, भाऊ." दिवाळीपर्यंत माझा मोडीचा ढीग गुडघ्याएवढाही उरला नाही.

शेवटी एका दुपारी मी ते चित्र ऑटोत घातलं आणि सादिकच्या घरी गेलो. ओळख तीस वर्षांची, घरी पहिल्यांदाच. टिनाची एक खोली. भिंतींवर चित्रंच चित्रं. समोरच्या भिंतीवर एका लांब टेबलाशी तेरा माणसं जेवायला बसलेली आणि प्रत्येकापुढे स्क्रूनं बसवलेली खरी थाळी. मी चित्र खाली ठेवलं आणि मनसोक्त भांडलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "जेवले का सेठ?"

"मी जेवाले नाही आलो!"

तोवर यानं वांग्याची भाजी आणि भाकर वाढून ताट माझ्यापुढे सरकवलंही. घरात ताट एकच होतं.

"अन् तू?"

त्यानं पेचकस घेतला आणि भिंतीवरची एक थाळी सोडवायला लागला. स्क्रू जाम झाला होता.

"अबे, जेवत्या माणसापुढचं ताट काढतं?"

"त्यायचं झालं, सेठ. कवाचे बसले आहेत."

मी इतका हसलो की ठसका लागला. सादिकनं थाळी धुतली, माझ्यासमोर बसला आणि मला तीनदा आग्रह करून वाढलं. मी हात धुवायला उठलो तेव्हा मान वर न करता म्हणाला, "हे चित्र केलं तवा वाटलं, कोणी आलं-गेलं तं तेरा थाळ्या कामी येतीन. बारा वर्षं झाली. आज पह्यली उतरली."

चित्र मी त्याच ऑटोतून परत आणून दुकानात टांगलं. मोड येत नाही, नको येऊ दे. डब्याचं काय ते मी आणि पेंटर पाहून घेऊ. पण दिग्रसकरांनो, तुमच्या दुकानांवर, दारांवर, लग्नाच्या मांडवांवर तुमची नावं या माणसानं लिहिली. मी तीस वर्षं गेलो नाही, हा गुन्हा मला कबूल आहे. तुमचं काय? त्या भिंतीवर अजून बारा थाळ्या ठोकलेल्या आहेत. त्या का उतरल्या नाहीत, बोला, कोण उत्तर देतो?