अंगठा काही उठेना!

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मारामारीचा व्हिडिओ गेम माझ्यासारखा खेळणारा माणूस अख्ख्या निपाणीत झाला नाही! स्टँडजवळच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात ते मशीन होतं. डावीकडून उजवीकडे चालत जायचं, समोर येईल त्याला बडवायचं, पिंप फोडायचं, आत सापडलेली भाजकी कोंबडी उभ्या उभ्या खायची आणि पुन्हा बडवायला लागायचं. सातवीत असताना मी हा गेम एका दमात संपवला होता, असं मी गेली तीस वर्षं सांगत आलोय. बायकोला सांगितलंय, बहिणीला सांगितलंय, पाटबंधारे खात्यातल्या माझ्या साहेबांनासुद्धा सांगितलंय!

त्यामुळे माझ्या मुलीनं, उपासनानं, वाढदिवसाला टीव्हीला जोडायचा डबा आणला आणि त्यात नेमका तोच गेम निघाला, तेव्हा मी बेळगावच्या आमच्या हॉलमध्ये बाह्या सरसावून जाहीर केलं, "बसा सगळे! चहा उकळायच्या आत संपवतो!"

चहा उकळला. जेवणं झाली. शनिवार गेला, रविवारही गेला. घरचे केव्हाच उठून गेले होते. लहानपणीच्या मशीनला मोठा दांडा होता, इथे हातात धरायचा रिमोट आणि त्याची कडक बटणं दोन्ही अंगठ्यांनी दाबायची. रविवारी संध्याकाळी माझ्या दोन्ही अंगठ्यांच्या शेंड्यांवर एकेक फोड उभा होता, द्राक्षाएवढा!

"अहो, उद्या निपाणीला रजिस्ट्री आहे ना?" बायकोनं विचारलं.

मी ताडकन उभा राहिलो. आप्पा गेल्यावर निपाणीचं पत्र्याचं घर आई, मी आणि धाकटी बहीण ज्योत्स्ना अशा तिघांच्या नावावर झालं होतं. ज्योत्स्ना दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि आईचं सगळं तीच बघते. म्हणून आई आणि मी आपापला हिस्सा तिच्या नावे करून देणार होतो. त्याशिवाय तिला बांधकामाची परवानगी मिळत नव्हती. पत्रे काढून स्लॅबचं घर बांधायचं तिचं स्वप्न! दोन महिने थांबून उद्याची तारीख मिळाली होती आणि तिथल्या यंत्रावर तिघांचे अंगठे उठायला हवे होते.

आता शहाण्या माणसानं फोडाला हात लावला नसता. पण मी पडलो इंजिनीअर! पृष्ठभाग सपाट असला की काम होतं, एवढं मला कळतं. सोमवारी सकाळी नेलकटर घेतलं आणि दोन्ही फोडांची कातडी साफ काढून टाकली. अंगठे झाले साबणाच्या नव्या वडीसारखे, गुलाबी आणि गुळगुळीत. आग अशी झाली की निपाणीपर्यंत मी अंगठे खिडकीबाहेर काढून बसलो!

कचेरीत कॉम्प्युटरमागे आण्णाप्पा नावाचे क्लार्क होते. पहिला नंबर आईचा. आमची आई, तानीबाई, तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत राबलेली. रेशनच्या दुकानात तिचा अंगठा कधी सरळ उठत नाही, म्हणून ती आठ दिवस रोज खोबरेल चोळून आली होती. टिंग! पहिल्या झटक्यात उठला.

मग मी. यंत्रात लाल दिवा.

"इन्नोम्मे इड्री, परत एकदा ठेवा," आण्णाप्पा म्हणाले. पुन्हा ठेवला. पुन्हा लाल. दुसरा अंगठा. लाल! त्यांनी माझा हात उलटा करून बघितला आणि कळवळले.

"अरारा! काय काम करतासा वो तुमी?"

खरं बोलायची संधी होती. पण मागे तीस माणसांची रांग!

"लोखंडाचं," मी म्हणालो.

रांग हळहळली. ऊसतोडीला जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं उठून मला खुर्ची दिली. कुणीतरी चहा पुढे केला आणि मी तो प्यालोसुद्धा! एवढ्यात आईनं माझा हात ओढून घेतला.

"लोखंडाचा घट्टा तळव्याला अस्तोय. ह्यो शेंड्याला कसा? आनि तू तर हापिसात बस्तोस. खरं सांग बघू!"

वखारीत तीस वर्षं काढलेल्या बाईसमोर हाताबद्दल खोटं बोलणं शक्य नव्हतं.

"गेम खेळलो."

"कसला गेम?"

"टीव्हीवरचा. मारामारीचा."

म्हाताऱ्यानं मला उठवून खुर्ची परत घेतली.

"दोन म्हैनं वाट बघिटली रं अण्णा मी," एवढंच ज्योत्स्ना माझ्याकडे बघत म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

आण्णाप्पा मात्र पुढे झुकून हळूच म्हणाले, "पिंप फोडून कोंबडी खातेत, त्योच काय?"

"त्योच."

"मग? शेवटचा गुंड मारला?"

"न्हाय. दुसऱ्या टप्प्यावरच मरतोय."

"दोन दिवसांत दुसरा टप्पा?" ज्योत्स्ना डोळे पुसायची थांबली. "आनि सातवीत संपवला हुतास न्हवं?"

"संपवला हुता," मी जमिनीकडे बघत म्हणालो. "माज्या वर्गातल्या रवळूनं. मी मागं हुबा ऱ्हाऊन वरडत हुतो."

रांग इतकी हसली की आतल्या साहेबांनी बाहेर येऊन दम दिला. आण्णाप्पांनी पंधरा दिवसांनंतरची तारीख लिहून दिली. ज्योत्स्ना त्याच दिवशी माझ्याबरोबर बेळगावला आली आणि टीव्हीचा डबा काढून पिशवीत घातला.

"तुजा अंगठा बरा हुईस्तोवर ह्यो माज्याकडं!"

मी पंधरा दिवस अंगठ्यांना तान्ह्या बाळासारखं जपलं. भात चमच्यानं खाल्ला. शर्टाची बटणं बायकोकडून लावून घेतली आणि तिची बोलणीही खाल्ली.

तारखेला पुन्हा तिघं कचेरीत हजर. आई, टिंग! मी, टिंग! मी रांगेकडे वळून असं बघितलं, जणू निवडणूकच जिंकली.

"आता लिहून घेणार, ज्योत्स्नाबाई," आण्णाप्पा म्हणाले.

लाल दिवा.

ज्योत्स्नानं हात पुसला, ठेवला. लाल. दुसरा ठेवला. लाल! आण्णाप्पांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ज्योत्स्नानं दोन्ही हात पदरात लपवले.

"ज्योत्स्ना?" मी म्हणालो.

"नीट चालतोय का न्हाय बघाय म्हणून लावला हुता, अण्णा. त्येवढंच!"

"कितव्या टप्प्यात हाईस?"

ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "पाचव्या."

ज्या घराच्या कागदासाठी ही बाई पंधरा दिवसांपूर्वी रडली होती, ते घर तिनं स्वतःच पुन्हा लांबणीवर टाकलं होतं. मी तिला चार गोष्टी सुनवायला हव्या होत्या. पण माझ्या मनात एकच होतं. पाचव्या! पंधरा दिवसांत!

आई उठली. तिनं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"लाज वाटत न्हाय तुमास्नी? एवडी घोडी झालासा! त्यो डबा आता माज्या घरात ऱ्हाईल. बघतो मी कोन हात लावतंय!"

तिसरी तारीख येत्या सोमवारची मिळाली आहे. माझे अंगठे ठणठणीत आहेत. ज्योत्स्नाच्या फोडांवर नवी कातडी आली आहे. आईला तारखेची आठवण करून द्यावी म्हणून कालपासून सहा वेळा फोन लावला. उचलतच नाही!